लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड: पेटी घेण्याआधी रस्ता बघा

"मामा, लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड लावता येतं म्हणतात. खरं का रे?"

भाचीने फोनवर हे विचारलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. ती नाशिकला आर्किटेक्चर शिकते, चौथ्या वर्षाला आहे. तिचा लॅपटॉप २०२१ सालचा, पातळ आणि हलका. दाजींनी तो हप्त्यांवर घेतला होता, आणि शेवटचा हप्ता मागच्याच वर्षी फिटला. आता ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्राममध्ये इमारतीचं एखादं दृश्य रेंडरला, म्हणजे त्याचं पक्कं चित्र काढायला, लावलं की पंखा घरघरायला लागतो, कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर हात ठेववत नाही, आणि रात्री लावलेलं काम सकाळी उठून बघावं तर अर्ध्यावरच असतं. वर्गातली निम्मी मुलं गेमिंग लॅपटॉपकडे वळली आहेत. दाजींजवळ पुन्हा हप्त्यांचा विषय काढायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं.

कार्ड बाहेरून लावता येतं, आणि नीट जुळून आलं तर लॅपटॉपचं रूपच पालटतं. पण हे सगळ्यांना जमणारं नाही. ज्यांना जमत नाही त्यांचे पैसे बहुतेक वेळा एकाच कारणाने वाया जातात. ते कार्ड कोणतं घ्यायचं याचा महिनाभर विचार करतात आणि लॅपटॉपपासून कार्डापर्यंतचा रस्ता मात्र बघत नाहीत. म्हणून हा लेख मुख्यतः त्या रस्त्याबद्दल आहे.

आधी थोडं मुळापासून बघू. प्रोसेसरमध्ये मोजकेच, पण हुशार कामगार असतात. कोणतंही काम सांगा, ते करतात. ग्राफिक्स कार्डात हजारो साधे कामगार असतात. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० या मध्यम दर्जाच्या कार्डात असे ३,५८४ आहेत. एकेकटा कामगार फार काही करत नाही, पण पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचा रंग ठरवायचा असेल तर सगळे एकदम कामाला लागतात. पातळ लॅपटॉपांतही ग्राफिक्सची सोय असते, पण ती प्रोसेसरच्याच पोटात. तिला स्वतःची मेमरी नसते, ती लॅपटॉपच्या रॅममधूनच वाटा घेते. वीजही प्रोसेसरबरोबर वाटून घ्यावी लागते, आणि दोघांना मिळून १५ ते २८ वॉट मिळाले तरी पुष्कळ. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॉटपर्यंत वीज घेतं. इतकी वीज आणि तिची उष्णता त्या पातळ पत्र्यात मावणंच शक्य नाही. म्हणून कार्ड बाहेर ठेवायचं.

बाहेर ठेवायचं म्हणजे एका पेटीत. दुकानात तिला ईजीपीयू एन्क्लोजर म्हणतात. बुटांच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी धातूची पेटी, आत डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर असतो तसा एक लांब स्लॉट, वीजपुरवठ्याचं युनिट, एकदोन पंखे, आणि मागे एक छोटं पोर्ट. त्या पोर्टातून निघालेली एक केबल लॅपटॉपला लावायची. लॅपटॉपला वाटतं, आपल्याच मदरबोर्डवर नवं कार्ड बसलंय.

मला हे समजावताना नेहमी गिरणी आठवते. घरातलं जातं म्हणजे लॅपटॉपमधलं ग्राफिक्स. वाटीभर दळायला चालतं, पण मणभर गव्हाला पुरत नाही. मग डबा भरून गिरणीत पाठवायचा. गिरणी कितीही जोरात चालो, पीठ किती वेळात हातात पडणार हे घर ते गिरणी या रस्त्यावरही ठरतं. आणि दर मिनिटाला ओंजळभर गहू पाठवायचे की सकाळीच पोतं टाकून यायचं, यावर तर सगळंच ठरतं.

आता रस्ता किती रुंद आहे ते बघू. डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड ज्या स्लॉटात बसतं त्याला पीसीआय एक्स्प्रेस म्हणतात, आणि त्यात १६ मार्गिका असतात. चौथ्या पिढीच्या स्लॉटात एका मार्गिकेवरून सेकंदाला साधारण २ गिगाबाइट माल जातो, म्हणजे सोळांवरून ३२ गिगाबाइट. लॅपटॉपच्या ज्या पोर्टातून पेटी जोडायची त्याला थंडरबोल्ट म्हणतात, आणि त्याच्या ३ किंवा ४ या आवृत्तीचा वेग सांगितला जातो सेकंदाला ४० गिगाबिट. इथे बिट आणि बाइटची गल्लत होते. ८ बिटांचा १ बाइट, म्हणून ४० गिगाबिट म्हणजे ५ गिगाबाइट. शिवाय ते सगळे कार्डाच्या वाट्याला येत नाहीत. पीसीआय एक्स्प्रेसच्या मालासाठी जास्तीत जास्त ३२ गिगाबिटची वाट असते, आणि बांधाबांध, पावत्या, वळणं धरून प्रत्यक्षात साधारण २२ गिगाबिट हाती लागतात. म्हणजे सेकंदाला पावणेतीन गिगाबाइट. डेस्कटॉपच्या रस्त्याचा हा जेमतेम बारावा हिस्सा झाला.

हा आकडा ऐकून भाचीचा चेहरा पडला. पण रस्ता बाराव्या हिश्श्याचा म्हणून काम बाराव्या हिश्श्यावर येत नाही. कार्डाला स्वतःचं कोठार असतं, त्याला व्हीरॅम म्हणतात. आरटीएक्स ३०६० च्या मूळ आवृत्तीत ते १२ गिगाबाइटचं आहे. दृश्यातल्या भिंती, झाडं, दगडाचा पोत, काचेची झळाळी हा सगळा माल एकदा त्या कोठारात गेला की तो तिथेच राहतो. नंतर रस्त्यावरून फक्त हुकूम जातात: कॅमेरा इतका वळव, दिवा तिथे ठेव. हुकुमांना फार जागा लागत नाही.

भाचीचं काम नेमकं या जातीचं आहे. ब्लेंडरमध्ये रेंडर लावताना समजा ८ गिगाबाइटचं दृश्य आहे. ते या अरुंद रस्त्यावरून जायला तीन-चार सेकंद लागतात. त्यानंतर कार्ड जे दळत बसतं ते रस्त्याकडे ढुंकूनही बघत नाही. शेवटी तयार चित्र तेवढं परत येतं. अशा कामात बाहेरचं कार्ड आणि डेस्कटॉपमधलं तेच कार्ड यांत फरक शोधावा लागतो. घरच्या घरी भाषेचं एआय मॉडेल चालवणाऱ्यांचंही तसंच. सात-आठ अब्ज घटकांचं मॉडेल चार बिटांत आवळलं की साधारण पाच गिगाबाइटचं होतं. ते एकदा कोठारात उतरलं की पुढे तारेवरून फक्त अक्षरं ये-जा करतात. मुलाखतींचं ध्वनिमुद्रण मजकुरात उतरवणं, फोटोंचा मोठा गठ्ठा सुधारणं हीसुद्धा पोतं टाकून येण्याची कामं. अशी कामं करणाऱ्यांना मी हा मार्ग बिनदिक्कत सुचवतो.

गेमचं गणित उलटं आहे. तिथे सेकंदाला साठ वेळा, कधी शंभर-दीडशे वेळा नवं चित्र काढायचं असतं. प्रत्येक चित्रासाठी प्रोसेसरला कार्डाकडे हजारो बारीक हुकूम धाडावे लागतात आणि प्रत्येक फेरीला थोडा उशीर होतो. चित्रं जितक्या झपाट्याने हवीत, तितका हा उशीर एकूण वेळात मोठा दिसायला लागतो. म्हणूनच एक गोष्ट नवख्या माणसाला उलटी वाटते. कमी रिझोल्यूशनवर सेकंदाला दीडशे फ्रेम, म्हणजे चित्रं, काढायला गेलं तर बाहेरच्या कार्डाचं नुकसान जास्त होतं, आणि फोर-के पडद्यावर साठ फ्रेमला कमी. फोर-केला कार्ड स्वतःच्याच कामात बुडालेलं असतं, रस्त्याची वाट बघायला त्याला सवड नसते. थंडरबोल्ट ३ किंवा ४ वर, वेगळा मॉनिटर लावून, साधारण १५ ते ३० टक्के कामगिरी गळते असं धरून चालावं. गेमप्रमाणे हे कमीजास्त होतं.

वेगळा मॉनिटर हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. पेटीतल्या कार्डाला एचडीएमआयची आणि डिस्प्लेपोर्टची भोकं असतात. मॉनिटरची वायर तिथे लावली तर तयार चित्र कार्डातून थेट मॉनिटरवर जातं. पीठ गिरणीतच, तिथल्या तिथे भाकरी. पण लॅपटॉपच्याच पडद्यावर चित्र हवं असेल तर ते त्याच केबलने परत घरी आणावं लागतं. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. एका ठिपक्याला ४ बाइट धरले तर एक चित्र ८.३ मेगाबाइटचं होतं. सेकंदाला साठ चित्रं म्हणजे अर्धा गिगाबाइट, आणि १४४ म्हणजे जवळजवळ १.२ गिगाबाइट. थंडरबोल्टची येण्याची बाजू जाण्याच्या बाजूपेक्षा वेगळी असते हे खरं, तरी प्रत्येक चित्र आधी केबलने आणायचं, मग लॅपटॉपच्या रॅममध्ये उतरवायचं, मग पडद्यावर टाकायचं, अशी एक जादा हमाली मागे लागते. भाचीकडे आम्ही दोन्ही करून पाहिलं. ब्लेंडरच्या रेंडरला काहीच फरक पडला नाही. पण ल्युमियन या आर्किटेक्टांच्या प्रोग्राममध्ये इमारतीतून चालत फिरण्याचं दृश्य लॅपटॉपच्या पडद्यावर अडखळत होतं. तिच्या मैत्रिणीचा जुना २४ इंची मॉनिटर पेटीला लावला तेव्हा तेच दृश्य लोण्यासारखं सरकायला लागलं. पेटीसाठी पैसे बाजूला ठेवताना मॉनिटरचेही ठेवा.

कार्डाचं कोठार लहान पडलं तर मात्र या अरुंद रस्त्याची खरी किंमत मोजावी लागते. ८ गिगाबाइटच्या कार्डात १० गिगाबाइटचं दृश्य कोंबलं की उरलेला माल लॅपटॉपच्या रॅममध्ये राहतो आणि लागेल तसा केबलवरून ओढला जातो. डेस्कटॉपमध्ये हे खपून जातं, इथे सगळं अडकतं. म्हणून बाहेरच्या पेटीसाठी कार्ड घेताना मी वेगापेक्षा व्हीरॅमला जास्त मान देतो. आम्ही १२ गिगाबाइटचं ३०६० निवडलं ते एवढ्यासाठीच, नाहीतर त्याच पैशांत नवं कोरं, पण ८ गिगाबाइटचं कार्ड मिळत होतं.

आता पोर्टकडे येऊ, कारण सगळ्यात मोठी फसगत तिथे होते. युएसबी-सी हा फक्त भोकाचा आकार आहे. आत काय दडलंय हे आकारावरून कळत नाही. भाचीच्या खोलीतल्या मैत्रिणीचा लॅपटॉप जवळजवळ तसाच, पोर्टही हुबेहूब. पण तिच्या पोर्टातून चार्जिंग होतं, पेनड्राइव्ह चालतो, मॉनिटरही लागतो, आणि ग्राफिक्स कार्ड मात्र कधीच लागणार नाही, कारण त्यात पीसीआय एक्स्प्रेसची वाटच काढलेली नाही. केबल बदलून किंवा सॉफ्टवेअर टाकून ती निघत नाही.

थंडरबोल्ट इंटेलने आणलं, २०११ साली, सेकंदाला १० गिगाबिटचं. २०१५ साली जाहीर झालेल्या थंडरबोल्ट ३ ने युएसबी-सीचा आकार घेतला आणि वेग ४० वर नेला. या पेट्या खऱ्या अर्थाने बाजारात आल्या त्या यानंतर. त्याआधीही धडपड चालूच होती. सोनीने २०११ च्या वायो झेडबरोबर ग्राफिक्स असलेला वेगळा डॉक दिला होता, एलियनवेअरने स्वतःच्या खास केबलची पेटी काढली होती, पण ते ज्याचं त्यालाच चालायचं. २०२० सालच्या थंडरबोल्ट ४ मध्ये वेग तेवढाच राहिला, मात्र पीसीआय एक्स्प्रेससाठी ३२ गिगाबिट द्यायलाच हवेत अशी सक्ती आली. थंडरबोल्ट ३ च्या काळात काही लॅपटॉपांत निम्म्याच मार्गिका जोडलेल्या असायच्या, पोर्ट बाहेरून अगदी तसंच दिसूनही. जुना थंडरबोल्ट ३ चा लॅपटॉप असेल तर मॉडेलच्या नावाने ही चौकशी जरूर करा.

युएसबी ४ या युएसबीच्या नव्या आवृत्तीचं थोडं सांभाळून घ्यावं लागतं. त्याच्या नियमांत पीसीआय एक्स्प्रेसची वाट ऐच्छिक आहे. एएमडीच्या प्रोसेसरांचे २०२२ नंतरचे बरेच लॅपटॉप युएसबी ४ घेऊन आले आणि त्यांतल्या अनेकांवर पेटी छान चालते, पण नुसतं युएसबी ४ असं वाचून पैसे मोजू नका.

घरच्या घरी तपासायचं असेल तर आधी पोर्टाशेजारी विजेची बाणासारखी खूण आहे का ते बघा. बॅटरीच्या चित्रातली वीज वेगळी, ती फक्त चार्जिंगची. मग विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून तिथल्या यादीत थंडरबोल्ट कंट्रोलर किंवा युएसबी ४ होस्ट राउटर दिसतो का पाहा. आणि शेवटी कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या नेमक्या मॉडेलचा तपशील वाचा. एकाच नावाच्या लॅपटॉपच्या स्वस्त आणि महाग आवृत्तीत पोर्ट वेगळं असू शकतं. भाचीच्या लॅपटॉपात इंटेलचा अकराव्या पिढीचा प्रोसेसर आहे आणि त्या पिढीत थंडरबोल्ट ४ चा नियंत्रक प्रोसेसरच्या आतच बसवलेला असतो. कंपनीने तो पोर्टापर्यंत आणलाही होता. खूण दिसली तेव्हा व्हिडिओ कॉलवर ती ओरडलीच.

मॅकवाल्यांना इथेच थांबवतो. अॅपलने मार्च २०१८ मध्ये मॅकओएस १०.१३.४ पासून बाहेरच्या कार्डांना अधिकृत आधार दिला होता, तोही एएमडीच्या कार्डांना आणि थंडरबोल्ट ३ असलेल्या इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर. २०२० च्या अखेरीस अॅपलचा स्वतःचा एम १ प्रोसेसर आला, तेव्हापासूनच्या अॅपल सिलिकॉनच्या मॅकना ही सोय नाही. एम मालिकेच्या मॅकबुकवर थंडरबोल्टची खूण आहे म्हणून पेटी घेऊ नका.

पोर्ट बरोबर निघालं तरी प्रोसेसरचा विचार राहतोच. गहू निवडून डब्यात भरणारा घरचा माणूस सावकाश असेल तर गिरणी रिकामी फिरते. १५ वॉटच्या दोन कोअरच्या जुन्या प्रोसेसरला भारी कार्ड जोडलं तर गेममध्ये कार्ड निम्मा वेळ नुसतं बसून राहील. मध्यम लॅपटॉपला मध्यम कार्ड, यापलीकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक फायदा मात्र सहसा कोणी सांगत नाही. ग्राफिक्सचं ओझं बाहेर गेलं की प्रोसेसरला पूर्ण वीज आणि थंडावा मिळतो, आणि तोही आधीपेक्षा बरा चालतो.

कार्ड आम्ही मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून घेतलं, वापरलेलं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या डिजिटल चलनाने ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग, म्हणजे कार्डं राबवून नाणी कमावणं, बंद करणारा बदल केला, आणि त्यानंतर दिवसरात्र राबलेली पुष्कळ कार्डं बाजारात आली. ती सगळी वाईट नसतात, पण तपासल्याशिवाय घेऊ नये. दुकानदाराने मशीनला लावून दिलं, मी अर्धा तास पूर्ण ताणावर चालवून पाहिलं. पंख्याचा आवाज सलग येतो का, पडद्यावर रंगीत ठिपके उमटतात का, तापमान एका जागी स्थिर होतं का, एवढं बघायचं. शिवाय कार्डाची लांबी टेपने मोजली. पेटीत किती सेंटीमीटरचं आणि किती जाडीचं कार्ड मावतं हे पेटीच्या तपशिलात दिलेलं असतं, आणि तीन पंख्यांची कार्डं बऱ्याच पेट्यांत शिरतच नाहीत.

पेटीही आम्ही वापरलेलीच मिळवली. नवी पेटी रिकामीच एखाद्या मध्यम कार्डाइतकी महाग पडते, बहुतेक परदेशातून येते, आणि वर १८ टक्के जीएसटी. खुल्या डॉकचा स्वस्त पर्याय आहे. नुसता सर्किट बोर्ड आणि स्लॉट, वीजपुरवठ्याचं युनिट आपण वेगळं आणायचं. कोरड्या, बंद खोलीत ते चालतं. कोकणातल्या दमट हवेत किंवा धुळीच्या घरात उघडं कार्ड ठेवायला माझं मन धजत नाही.

पेटी बसवायला नाशिकला गेलो तो दिवस लक्षात राहिलाय. कार्ड स्लॉटात दाबलं, कडेची खिट्टी कट् करून बसली, विजेची आठ पिनांची वायर लावली, झाकण सरकवलं. केबल लॅपटॉपला लावताच पेटीचे पंखे भुर्रकन फिरून शांत झाले आणि पडद्यावर परवानगी मागणारी चौकट आली. एनव्हिडियाचं ड्रायव्हर टाकलं, मशीन बंद करून चालू केलं. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू ० आणि जीपीयू १ अशा दोन ओळी, म्हणजे आतलं ग्राफिक्स आणि बाहेरचं कार्ड, दिसल्या तेव्हा ताई चहा ठेवायला उठली. भाचीने आदल्या रात्री अर्धवट राहिलेलं दृश्य लावलं. कप विसळून होईपर्यंत चित्र तयार झालं होतं. ती काही बोलली नाही, फक्त तेच पुन्हा एकदा लावून बघितलं.

पण सगळं त्याच दिवशी सुरळीत झालं नाही. पेटी टेबलाखाली ठेवायची म्हणून मी दोन मीटरची एक स्वस्त केबल सोबत नेली होती. पाकिटावर युएसबी-सी आणि मोठा वेग असं छापलेलं होतं. तिने कार्ड दिसायचं, पण माल वाहून नेण्याची चाचणी घेतली तर आकडा निम्म्यावर आला, आणि दोनदा रेंडर चालू असताना कार्ड नाहीसं झालं. मी लॅपटॉपवर संशय घेतला, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकलं, दुपार गेली. पेटीबरोबर आलेली अर्ध्या मीटरची केबल लावली आणि सगळं जागेवर आलं. थंडरबोल्ट ३ च्या साध्या केबलला पूर्ण ४० गिगाबिट साधारण अर्ध्या मीटरपर्यंतच पेलतात. त्याहून लांब हवी तर आत चिप असलेली केबल लागते, किंवा दोन मीटरपर्यंत प्रमाणित केलेली थंडरबोल्ट ४ ची. टोकावर विजेची खूण आणि तिच्याजवळ आकडा नसलेली केबल या कामाला घेऊ नका. आता पेटी टेबलावरच, लॅपटॉपला खेटून असते.

ज्या लॅपटॉपांत आधीच एक वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, तिथे बाहेरचं लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड १२ असा संदेश येऊ शकतो. दोन्ही कार्डांना द्यायला यंत्राकडे मेमरीतल्या पत्त्यांची जागा पुरत नाही, असा त्याचा अर्थ. आतलं कार्ड तात्पुरतं बंद करून मशीन पुन्हा चालू केलं की बहुतेक वेळा मार्ग निघतो. आणि कार्ड लागूनही एखादा प्रोग्राम जुन्याच ग्राफिक्सवर चालताना दिसला तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स विभागात जाऊन त्या प्रोग्रामला कार्ड नेमून द्यावं लागतं. ब्लेंडरमध्ये तर त्याच्या स्वतःच्या प्रेफरन्सेसमध्येही कार्डापुढे खूण करावी लागते. कितीतरी जण हे न करता कार्डाला दोष देतात.

विजेबद्दल घाईने सांगून भागणार नाही. लॅपटॉपला बॅटरी असते, पेटीला नसते. दिवे गेले की लॅपटॉप चालू राहतो आणि कार्ड अर्ध्या श्वासात निघून जातं. चालू काम तर जातंच, कधी विंडोजही गोठतं. पेटीला यूपीएस हवाच. पेटी कार्डाला १७० वॉट आणि लॅपटॉपला चार्जिंगसाठी ६० ते १०० वॉट देत असेल तर ६०० वॉटपर्यंत झेपणारा साधारण एक केव्हीएचा यूपीएस पुरतो, म्हणजे काम जतन करून सगळं नीट बंद करता येतं. आणि अर्थिंग तपासून घ्या. भाचीच्या भाड्याच्या खोलीत तीन पिनांचं सॉकेट होतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. पेटीच्या धातूला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. वायरमन बोलावून आधी ते करून घेतलं, मगच पेटी चालू ठेवली.

पुढचा रस्ता रुंद होतो आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेलं थंडरबोल्ट ५ सेकंदाला ८० गिगाबिटचं आहे आणि त्यात पीसीआय एक्स्प्रेसला ६४ गिगाबिटची वाट आहे, आधीच्या दुप्पट. तेवढीच वाट ऑक्युलिंक नावाच्या साध्यासुध्या केबलनेही मिळते, कारण तिच्यात मध्ये कोणी भाषांतर करणारा नाही, पीसीआय एक्स्प्रेस सरळ बाहेर काढलेलं आहे. पण ऑक्युलिंक चालू यंत्राला लावता-काढता येत नाही, ते चार्जिंगही करत नाही, आणि अजून मोजक्याच यंत्रांवर असतं. लॅपटॉपचं पोट उघडून एसएसडीच्या एम.२ स्लॉटातून ऑक्युलिंक काढणारे हौशी लोक आहेत. ते चालतं, वेगही छान मिळतो, पण वॉरंटीतल्या लॅपटॉपवर आणि विद्यार्थ्याच्या एकुलत्या एका यंत्रावर मी ते करणार नाही.

कोणाला हे सुचवू नये, तेही सांगतो. लॅपटॉप घराबाहेर फारसा जात नसेल, किंवा पोर्ट योग्य नसल्यामुळे नवा लॅपटॉप आणि पेटी दोन्ही घ्यावी लागणार असेल, तर तेच कार्ड घालून साधा डेस्कटॉप बांधा. कमी पैशांत होतो आणि कार्डाला पूर्ण रस्ता मिळतो. फक्त गेमसाठी, आणि तेही लॅपटॉपच्याच पडद्यावर खेळण्यासाठी पेटी घेणाऱ्याचा तर हमखास विरस होतो. भाचीला रोज लॅपटॉप घेऊन कॉलेजात जायचं असतं, फाइली एकाच यंत्रावर ठेवायच्या असतात, काम रेंडरचं आहे आणि पोर्ट सुदैवाने योग्य निघालं. चारही गोष्टी जुळल्या म्हणून मी तिला हो म्हटलं.

ती आता पेटी काढतानाही घाई करत नाही. आधी रेंडर थांबवते, सगळे प्रोग्राम बंद करते, खालच्या कोपऱ्यातल्या चिन्हावरून कार्ड सुरक्षित वेगळं करते, मग केबल ओढते. परवा ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडण्याच्या दिवशी, सकाळी तिने एवढं करून लॅपटॉप सॅकमध्ये टाकला, शीट्सची नळी खांद्याला अडकवली आणि साडेसातची सिटी बस गाठली.